पोरगी म्हणते जळगावच, मग बापाने अभिमान बाळगायचा की वाईट वाटून घ्यायचं?

एरंडोल तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा, की घरी कापूस आणि थोडा मका, मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीला बरे पर्सेंटाईल आले, कॅटेगरी ओबीसी. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात बी.टेक. कॉम्प्युटरची सीट मिळतेय, वर्षाची फी अडीच लाख आणि हॉस्टेल-मेस धरून वर सव्वा लाख, पंचवीस हजार भरून सीट बुकही करून ठेवलीय. आणि आता पोरगी म्हणते मला तिकडे जायचंच नाही, मी जळगावला आपल्या विद्यापीठातच केमिकलला फॉर्म भरते. भाऊंनी शेवटी लिहिलंय, "सर, तिचा अभिमान वाटतो पण चारचौघात सांगायला जीभ अडखळते. भाऊबंद म्हणतात पैसा वाचवायला पोरीला इथंच अडकवलं. काय करू?"

भाऊ, मी खानदेशातच केमिस्ट्री शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि दर जून-जुलैला ॲडमिशनच्या टेबलावर बसून असे शेकड्याने बाप पाहिले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी फी नाही, कॉलेज नाही, आधी एकच गोष्ट शोधून काढा. पोरीने जळगाव निवडलंय की तुमच्यासाठी पुणे सोडलंय? वरून दोन्ही सारखंच दिसतं. दोन्हीत ती म्हणते "मला इथंच आवडतं पप्पा". पण एकीला केमिकल खरंच करायचंय, आणि दुसरीने रात्री तुम्हाला सोसायटीच्या कर्जाबद्दल मायशी बोलताना ऐकलंय आणि गुपचूप मनातल्या मनात हिशोब करून टाकलाय. आपल्याकडच्या पोरी या बाबतीत फार लवकर मोठ्या होतात. आणि अशा पोरीचा बापाला अभिमान वाटतो तेव्हा तो असतो "माझी पोरगी किती समजूतदार" असा, तो ऐकायला गोड आहे पण त्यात पोरगी कायमची अडकते, कारण एकदा समजूतदार म्हटलं की पुढं काही मागायची सोयच राहत नाही ना.

आता हे विचारायचं कसं? तुम्ही विचारू नका, तुम्हाला ती खरं सांगणार नाही. मामाला विचारू द्या, किंवा आत्याला, किंवा ज्या सरांवर तिचा विश्वास आहे त्यांना. आणि "तुला कुठं जायचंय" असं विचारायचं नाही, असं विचारायचं की पैशाचा प्रश्नच नसता तर तू ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमात, पहिल्या पाच नंबरला काय भरलं असतं, लिहून दाखव. कागदावर लिहायला लावा. मी टेबलावर हेच करायचो, बापाला बाहेर चहाला पाठवायचो आणि पोराला कोरा कागद द्यायचो. पुष्कळ वेळा बापाची यादी आणि पोराची यादी पार वेगळी निघायची. तिच्या कागदावर पहिल्या दोन-तीनात केमिकल आलं तर विषय संपला, पोरीने निवडलंय, मग तुम्ही छाती काढून फिरा. कागदावर सगळं कॉम्प्युटर आणि पुणे-मुंबईच आलं तर मात्र थांबा, ती त्याग करतेय, आणि त्यावर पुढं लिहितोच.

आता पैशाचं. अडीच अधिक सव्वा म्हणजे वर्षाला पावणेचार लाख, चार वर्षांचे पंधरा. 2024-25 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7521 रुपये क्विंटल होता, त्या भावाने पावणेचार लाख म्हणजे वर्षाला साधारण पन्नास क्विंटल कापूस. खेडा खरेदीवाला हमीभाव देत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. कोरडवाहूला एकरी पाच-सहा क्विंटल धरला तर आठ-दहा एकरातला अख्खा कापूस, म्हणजे त्यातून बियाणं, फवारणी, वेचणीची मजुरी काहीच वजा न करता, नुसता तिच्या एका वर्षाला. हा आकडा तुम्हाला घाबरवायला नाही लिहिला, आठ-दहा एकर देऊनही चांगलं शिक्षण मिळत असेल तर द्यावं माणसाने, पण काय देतोय ते तरी माहीत पाहिजे.

आणि यात एक गोष्ट अशी आहे जी भाऊबंद सांगणार नाहीत कारण त्यांना माहीतच नाही. राज्य सरकारचा 8 जुलै 2024 चा जीआर आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखाच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी पन्नास टक्के होती ती शंभर केली. सरकारी कॉलेज, अनुदानित, विनाअनुदानित, सार्वजनिक विद्यापीठं, सगळ्यांना लागू. पण दोन अटी नीट वाचा. एक, ॲडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोटा किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेली ॲडमिशन चालत नाही. दोन, खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. म्हणजे भाऊ, तुम्ही जिथं पंचवीस हजार भरून आलात तिथं ही सवलत मिळणार नाही, आणि पोरगी जिथं म्हणतेय तिथं कॅपमधून नंबर लागला की लागू. पोरीला हे माहीत असेल तर तुमची पोरगी तुमच्यापेक्षा हुशार आहे, आणि माहीत नसताना म्हणत असेल तर नशीबवान.

खासगी विद्यापीठाची डिग्री चालत नाही असं मात्र मी म्हणत नाही हं. विधिमंडळाच्या कायद्याने झालेली विद्यापीठं आहेत ती, डिग्री वैध आहे, काही ठिकाणी शिक्षणही चांगलं आहे. पण आपल्या भागात जूनमध्ये जे एजंट फिरतात, मोबाईलवर काचेची बिल्डिंग दाखवतात आणि "दोनच सीट उरल्या" म्हणतात, त्यांच्या घाईवर एवढा मोठा निर्णय घ्यायचा नसतो.

त्या पंचवीस हजाराचं काय? तेही सांगतो कारण बरेच लोक तेवढ्यासाठी तिथंच ॲडमिशन ठेवतात, की पैसे बुडतील. युजीसीने 2018 मध्ये फी परतीचा नियम काढलाय. ॲडमिशनच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी तुम्ही ॲडमिशन रद्द केली तर पूर्ण फी परत करायची, त्यातून प्रोसेसिंगचे म्हणून जास्तीत जास्त पाच टक्के आणि तेही पाच हजाराच्या वर नाही, एवढंच कापता येतं. तारीख जवळ आली की नव्वद टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांत ऐंशी, मग पन्नास, आणि शेवटच्या तारखेपासून महिना उलटला की शून्य. म्हणजे उशीर केला तसा पैसा कमी. मूळ टीसी-मार्कशीट त्यांना अडकवून ठेवता येत नाही. रद्द करण्याचा अर्ज फोनवर नको, ईमेलने करा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. "तारीख बघून सांगतो" म्हणाले तर गप्प बसू नका, तारीख लेखी मागा.

आता आपल्या विद्यापीठाबद्दल. तुमच्या भाऊबंदांना ते "इथलंच" वाटतं कारण ते रोज एसटीतून हायवेवर गेट बघतात, आणि जे रोज दिसतं त्याची किंमत नसते. 15 ऑगस्ट 1990 ला हे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, जळगाव, धुळे, नंदुरबार या भागासाठी. त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, आणि मार्कशीटमध्ये नावाची एक मात्रा चुकली तरी पोराला पुण्याचा फेरा पडायचा. रात्रीची गाडी, सकाळी विद्यापीठाची रांग, आणि खिडकीतला माणूस म्हणायचा साहेब आज नाहीत. पहिले कुलगुरू डॉ. निं. कृ. ठाकरे, गणिताचे माणूस. 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, म्हणजे आसोद्याची लेक, जिला लिहितावाचता येत नव्हतं, तिच्या नावाची डिग्री तुमची पोरगी घेणार आहे. सोयरे काय म्हणतील याची काळजी करणाऱ्याने हे पण एकदा मनात आणावं.

केमिकल टेक्नॉलॉजी हा विद्यापीठाच्या आवारातला स्वतःचा विभाग आहे, जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात. केमिकल इंजिनिअरिंग आहे, शिवाय प्लास्टिक, पेंट, ऑइल, फूड असल्या शाखा आहेत, आणि हे उगीच ठेवलेलं नाही. जळगावची चटई, पीव्हीसी पाइप, ठिबक, डाळ मिल, तेल, केळीवरची प्रक्रिया, हे सगळं ज्या गावात आहे तिथं प्लास्टिक आणि फूड शिकवलं तर पोराला दुसऱ्या वर्षापासून एमआयडीसीत जाऊन खरी मशीन बघता येते. बघता येते म्हणतोय, आपोआप दिसते असं नाही. शोधावं लागतं, दारं ठोठवावी लागतात, आणि तुमचा एखादा सोयरा एमआयडीसीत सुपरवायझर असेल तर अशा वेळी त्याचा उपयोग, लग्नात तिची फी विचारायला नाही.

आता उणं पण सांगतो, नाहीतर म्हणाल सर विद्यापीठाची जाहिरात करताय. राज्यातल्या सगळ्याच सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर लोक घेऊन चालवावं लागतं, आणि ते लोक कितीही जीव तोडून शिकवत असले तरी ऑक्टोबर आला तरी ऑर्डर हातात नाही अशी त्यांची गत असते. निकाल लांबतात. परीक्षेचं टाइमटेबल बदलतं. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या पुण्याइतक्या नाहीत, हे उघड आहे. कॅन्टीनपासून ऑफिसपर्यंत सगळीकडे सरकारी चाल आहे. हे सगळं गृहीत धरून जायचं. कुणी म्हणालं की आमच्याकडे असं काहीच नाही तर तो एक तर नवीन आहे किंवा विकतोय.

म्हणून विभाग स्वतः बघून या, आणि पोरीला घेऊन जा. काय बघायचं? बिल्डिंग नाही, गार्डन नाही. लॅबमध्ये जायची परवानगी मागा आणि मोठ्या इन्स्ट्रुमेंटच्या शेजारी एक लॉगबुक ठेवलेलं असतं ते बघा. कुठलंही बरं इन्स्ट्रुमेंट असलं, गॅस क्रोमॅटोग्राफ म्हणा की स्पेक्ट्रोफोटोमीटर, की त्याला एक लांबट रजिस्टर असतं, तारीख, वापरणाऱ्याचं नाव, सॅम्पल कुठलं, किती वेळ चाललं आणि सही. शेवटची नोंद परवाची असेल, आणि त्यात एम.टेक.वाल्यांबरोबर बी.टेक.च्या पोरांची नावं असतील, तर समजा इथं पोरांच्या हाताला काम मिळतं. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची आणि मशीनवर प्लास्टिकचं कव्हर नीट टाचून ठेवलेलं असेल तर ते मशीन फक्त दर्जा तपासायला नॅकची कमिटी येते तेव्हा उघडतं. हीच परीक्षा पुण्याच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये पण लावा. मी बऱ्याच ठिकाणी लावलीय, आणि लाखात फी घेणाऱ्या ठिकाणी कोऱ्या पानांची रजिस्टरं पाहिलीत. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना टपरीवर गाठा, सरांच्या केबिनमध्ये नाही, आणि एवढंच विचारा की मागच्या सेमिस्टरला किती प्रॅक्टिकल स्वतःच्या हाताने केली आणि किती जर्नलमध्ये उतरवली. पोरं खरं सांगतात. हसतात आणि सांगतात.

आता कॉम्प्युटर की केमिकल. यावर गावागावात भांडणं चालूयत. कॉम्प्युटरला मागणी आहे हे खरं, पण ज्या पोरीला रसायनात गोडी आहे तिला कॉम्प्युटरला टाकून ती चांगली होईल याची काही गॅरंटी नाही, आणि आज ज्या शाखेला गर्दी आहे तिला चार वर्षांनी बाहेर पडताना तेवढाच भाव असेल असंही नाही, कापसाचं नाही का होत, ज्या वर्षी सगळे लावतात त्याच वर्षी भाव पडतो. एवढंच म्हणतो यावर.

दूर जाणं वाईट असं कुणी समजू नये. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, माटुंग्याचं आयसीटी, यातलं काही कॅपमधून मिळत असेल तर पाठवा, कर्ज काढून पाठवा, रडत का होईना पाठवा, तिथं अंतराचा विचार करायचा नसतो. आणि ही तिन्ही सरकारीच आहेत, तिथं ती फी माफीही आहे. प्रश्न जळगाव की पुणे असा नाहीच, प्रश्न आहे कुठलं पुणे. केवळ पुण्यात आहे म्हणून साधं कॉलेज घ्यायचं आणि जळगावात आहे म्हणून बरं सोडायचं, याला मात्र काही अर्थ नाही.

आणि लांब जायची वेळ पुढं येतेच. केमिकलवाल्यांना गेट ही परीक्षा असते, गेटवर एम.टेक. मिळालं की महिन्याला 12,400 रुपये मिळतात, आयआयटीत किंवा आयसीटीत. त्या वेळी पोरगी बाविशीची असेल, स्वयंपाक, बँक, ट्रेन, माणसं, सगळं येत असेल, आणि तुमच्या खिशातून नाही तर स्टायपेंडवर जाईल.  म्हणजे आत्ता वाचलेले दहा-बारा लाख गेले कुठं नाहीत, पुढच्या टप्प्याला तेच कामी येतात. फक्त ते वाचलेत म्हणून ट्रॅक्टरचं बुकिंग करू नका. मी गंमत करत नाहीये, हे होतं.

आता अवघड भाग. घराजवळचं विद्यापीठ चांगलं की वाईट हे अर्धं विद्यापीठ ठरवतं आणि अर्धं घर. पोरगा पुण्याला गेला की घर म्हणतं, तो शिकतोय. पोरगी जळगावला शिकतेय की घर म्हणतं, ती घरीच आहे. पाहुणे आले, थांब आज जाऊ नको. आजीचा डोळा दाखवायचा, तू जळगावला आहेसच ना. कापूस वेचणीला बाई मिळाली नाही, दोन दिवस सुट्टी टाक. श्रावणात आपल्या खानदेशच्या कानबाई देवीच्या रोटांना भाऊबंदकी गोळा होते, पन्नास माणसांचा स्वयंपाक, पुरण वाटायला हात कुणाचे? घरात जी आहे तिचे. आणि ते बरोबर सेमिस्टरच्या इंटर्नलला येतं. एक दिवस देवाला द्यावा, का नाही, पण वर्षाला असे तीस-चाळीस दिवस निघाले की तिचं प्रॅक्टिकल गेलं, आणि मग तेच घर म्हणतं, बघा पुण्याला असती तर पुढं गेली असती.

म्हणून माझं म्हणणं असं, की एरंडोलहून रोज येणं-जाणं जमतं, हायवेवरच उतरायचं आहे, विद्यार्थ्याचा एसटीचा पास 66.67 टक्के सवलतीत निघतो, म्हणजे भाडं तिसऱ्या हिश्शावर येतं, सगळं खरं, तरी निदान पहिली दोन वर्षं तिला विद्यापीठाच्या मुलींच्या हॉस्टेलला ठेवा. दर शनिवारी घरी येऊ द्या, नको कोण म्हणतंय. पण सोमवार ते शुक्रवार ती तुमच्या घरची नाही असं समजायचं. हॉस्टेलचा अर्ज लवकर करावा लागतो, उशीर केला की जागा जातात. आणि रोजच यायचं ठरलं तर घरात तिच्यासाठी एक दार लागणारी खोली पाहिजे, आणि संध्याकाळी सातनंतर तिला कुणी हाक मारायची नाही, तिच्या भावाला जेवण वाढायलासुद्धा नाही. तो घेईल हाताने वाढून. हे तुमच्या आईला तुम्हीच सांगायचं, पोरीने सांगितलं तर उलट बोलते म्हणतील.

आता चारचौघांचं. एक लग्न सांगतो, तालुका सांगत नाही. पंगत बसलेली, कुणीतरी बापाला विचारलं "पोरीले कुठी टाकलं भो?" आणि बाप म्हणाला, "काही नाही हो, मार्क कमी पडले, मग इथंच टाकलं जळगावले." पोरगी दोन हातांच्या अंतरावर पंगतीला वाढत होती, तिच्या हातात बट्टीचं ताट होतं, आणि तिला मार्क काही कमी नव्हते, तिला बाहेरचं मिळत असून तिने हे घेतलं होतं. ती काही बोलली नाही, पुढच्या पानाला वळली. बापाला वाटलं आपण नम्रपणे बोललो. त्या पोरीला मी नंतर शिकवलं, वर्षभर तिच्या डोक्यात होतं की आपण कमी आहोत, हुशार असून वर्गात हात वर करायची नाही. तेव्हा लोकांनी विचारलं की सरळ, मोठ्या आवाजात, पोरगी ऐकत असताना सांगा, "विद्यापीठात केमिकल टेक्नॉलॉजीला आहे, तिनेच निवडलं, आणि कॅपमधून लागलं." बस एवढंच. मार्कांचं स्पष्टीकरण देऊ नका, फी वाचली हे तर अजिबात सांगू नका, त्याने तिची निवड स्वस्त होते.

उलटंही पाहिलंय, आणि ते जास्त वाईट. एक पोरगा पुण्याला गेला, बापाने गावभर पेढे वाटले, इंजिनिअर होणार म्हणून बॅनर लागायचं तेवढं बाकी राहिलं. दुसऱ्या वर्षी पोराचे विषय राहिले, तिसऱ्याला त्याने कॉलेजला जाणंच सोडलं, कुठं कुठं डिलिव्हरीचं काम करून राहत होता. घरी सांगू शकला नाही. दिवाळीला आला नाही, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आला नाही, म्हणायचा प्रोजेक्ट चालूय. बापाने जो अभिमान गावात वाटला होता त्याचं ओझं त्या पोराच्या डोक्यावर होतं, तो परत आला असता तर बाप खोटा पडला असता. जळगावला शिकणारी पोरं पण नापास होतात, भरपूर होतात, पण शनिवारी घरी आलेल्या पोराचं तोंड मायला दिसतं, ती ताट पुढं ठेवता ठेवता विचारते काय झालं रे. दूर ठेवायचंच झालं तर अशी वाट मोकळी ठेवा, की पोराला "जमत नाहीये" म्हणून परत येता यावं आणि बापाला त्यात लाज वाटू नये.

आणि तुमच्या पोरीच्या कागदावर पुणे-कॉम्प्युटर निघालं तर? तर तिला खासगी विद्यापीठातच घाला असं नाही, आधी कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये पुण्याची, नाशिकची, संभाजीनगरची कॉलेजं भरा, जिथं फी माफी लागू आहे. राहायच्या खर्चासाठी ओबीसीला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, एससीला स्वाधार आहे, एसटीला स्वयम् आहे, त्या त्या अटी बघून अर्ज करा. तिला दाखवा की पैशाचं बघता येतं, ते बापाचं काम आहे. मग तिला परत विचारा. त्यानंतरही जळगावच म्हणाली तर सोडून द्या, मग ते तिचं.

ऑप्शन फॉर्म भरताना पसंतीचा क्रम खऱ्या आवडीनेच लावा, "हे मिळणार नाही म्हणून खाली टाकू" असा हिशोब करू नका. पहिल्या नंबरचं कॉलेज पहिल्याच राउंडला लागलं तर सीट आपोआप फ्रीज होते, पुढच्या राउंडला बदलता येत नाही, म्हणून पहिल्या नंबरला काय टाकतो ते घरात सगळ्यांनी बसून नाही, तिने ठरवायचं. होम युनिव्हर्सिटीचे, म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या भागातल्या पोरांच्या जागांचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा, शेजाऱ्याच्या पोराला मागच्या वर्षी काय झालं त्यावर जाऊ नका.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती नॉन क्रीमी लेयरवर आणि जात वैधतेवर. नॉन क्रीमी लेयर पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं, जुनं चालत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, आई-वडील दोघांचं मिळून. जात वैधतेचा अर्ज केला नसेल तर अकरावीतच करायचा असतो, पण आता राहिला असेल तर पावती घेऊन ठेवा आणि पाठपुरावा सोडू नका. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी सवलती-शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज भरायचा तर पोरीचं स्वतःचं बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, तुमचं नाही, तिचं. सेतू केंद्रात जुलैला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा या आठवड्यातच एरंडोलला जाऊन या. त्या खासगी विद्यापीठाला रद्दचा ईमेल मात्र कॅपची सीट हातात आल्यावरच करा, त्यांची शेवटची तारीख आजच विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि विभाग बघायला जाल तेव्हा पोरीला लॉगबुकचं स्वतः विचारू द्या, तुम्ही मागं उभे राहा.